बहिणी-बहिणींनी फ्लॉरेन्सला जायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि आठवड्याने आम्ही तिघी बहिणी इटलीला निघालो. ताई कोल्हापूरला असते, मी पुण्यात, धाकटी म्युनिकला. नवरे नाहीत, मुलं नाहीत, टूर कंपनी नाही. एकच शहर, सहा रात्री. वसुबारसेच्या आदल्या दिवशी घरी परतलो. तेव्हापासून मैत्रिणी, जावा, भाच्या, ताईच्या भिशीतल्या बायका अशा सगळ्यांचे फोन येताहेत आणि प्रश्न साधारण तेच असतात. प्रत्येकीला नीट उत्तर मिळावं म्हणून सगळं इथे लिहून ठेवते. कोल्हापूरकरांनी शेवटचा प्रश्न आधी वाचला तरी चालेल.

इटलीत इतकी शहरं असताना फ्लॉरेन्सच का?

कारण ते पायी पुरं होतं. स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत मोठ्या चर्चचा घुमट डोक्यावर येतो आणि नदी त्याच्यापुढे आणखी दहा मिनिटांवर. तिघींच्या आवडी तीन तऱ्हेच्या. ताईला चित्रं आणि देवळं बघायची, धाकटीला खरेदी करायची, मला बाजारात हिंडून खायचं. रोममध्ये यासाठी तीन दिशांना पांगावं लागलं असतं. इथे सकाळी वेगळ्या वाटेने गेलो तरी जेवायला एका टेबलावर.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धाकटीच्या लग्नानंतर आम्ही तिघी एका छपराखाली चार दिवस कधी राहिलोच नव्हतो. सात दिवसांत सहा शहरं केली असती तर निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि बसमध्ये झोपण्यात गेला असता. म्हणून कुणीही विचारलं तरी माझं सांगणं एकच असतं, एक शहर धरा आणि तिथेच राहा.

एक लक्षात ठेवा. तिकिटांवर आणि फलकांवर ‘फ्लॉरेन्स’ दिसणार नाही, ‘फिरेन्झे’ दिसेल. मुख्य स्टेशनाचं नाव फिरेन्झे सान्ता मारिया नोव्हेल्ला.

किती दिवस ठेवावेत?

पाच पूर्ण दिवस. ठरवताना वारांकडे बघा, कारण उफ्फिझी आणि आकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, मुख्य बाजाराचा तळमजला रविवारी बंद असतो आणि कास्चीने बागेतला आठवडी बाजार मंगळवारी सकाळीच भरतो. आम्ही गुरुवारी पोहोचलो आणि बुधवारी निघालो, त्यामुळे सगळं जमलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशीच्या रांगा बघता ताईसारखे गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर तिकीट काढून दुसऱ्या दिवशी गेलेलं बरं.

व्हिसाचं कसं करायचं?

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. मोठ्या माणसांची फी ९० युरो, वर अर्ज केंद्राचा आकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाही. आरोग्यविमा कमीत कमी ३०,००० युरोंचा हवा.

आमच्यासारखी एखादी बहीण जर्मनीत असेल तर घोळ इथे होतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आम्ही सगळ्या रात्री इटलीत काढल्या म्हणून अर्ज इटलीकडे केला. धाकटीकडे आठवडाभर राहून मग तीन दिवस फ्लॉरेन्स असा बेत असता तर अर्ज जर्मनीकडे गेला असता. ऑक्टोबर २०२५पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा पुढच्या गाडीचं तिकीट काढताना विमानतळावर थोडा जास्तीचा वेळ धरा.

पोहोचायचं कसं?

भारतातून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. आम्ही रोमला उतरलो, विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेसने अर्ध्या तासात तेर्मिनी स्टेशन, तिथून वेगवान गाडीने दीड तासात फ्लॉरेन्स. गाडीचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त पडतं. धाकटी म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून रेल्वेने बोलोन्याला आली आणि तिथून पुढे पाऊण तासही लागला नाही. युरोपातल्या दुसऱ्या शहरातून छोट्या विमानाने थेट फ्लॉरेन्सला उतरलात तर ट्राम गावात आणून सोडते, आम्ही होतो तेव्हा ट्रामचं तिकीट १ युरो ७० सेंट होतं.

साध्या पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खरं असलं तरी शिक्का नसला की दंड होतो.

राहायला कुठला भाग चांगला?

नदीपलीकडचा ओल्त्रार्नो किंवा सान्ता क्रोचे चर्चच्या मागचा सान्ताम्ब्रोज्यो भाग. दोन्हीकडे रोजचं आयुष्य चालू असतं. सकाळी शाळेत जाणारी मुलं दिसतात, भाजी घेणाऱ्या आज्या दिसतात. आम्ही सान्ताम्ब्रोज्योमध्ये दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. घेताना लिफ्ट आहे का ते लिहून विचारा, कारण जुन्या वाड्यांचे जिने उंच आणि अरुंद असतात. तिथला ‘पहिला मजला’ म्हणजे जिना चढून वर. शहराचा पर्यटक कर दर रात्री दर माणशी वेगळा द्यावा लागतो, सात रात्रींपर्यंत. तो बुकिंगच्या रकमेत बहुतेक वेळा धरलेला नसतो.

घराचे पत्ते दोन तऱ्हेचे असतात, आणि हे कुणी सांगत नाही. दुकानांचे आकडे लाल आणि घरांचे निळे किंवा काळे, दोन्ही एकाच रस्त्यावर वेगवेगळे मोजलेले. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ अक्षर असेल तर लाल आकडा शोधायचा. पहिल्या संध्याकाळी आम्ही बॅगा ओढत एका चामड्याच्या दुकानासमोर उभ्या होतो आणि आमचं घर त्याच आकड्याचं, पण बरंच पुढे.

आणि बायका दबक्या आवाजात विचारतात त्याचंही उत्तर देते. हो, बाथरूममध्ये बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं नळाचं भांडं, असतो. इटलीत १९७५च्या सरकारी आदेशाने घरात तो असणं सक्तीचं आहे. बाहेर मात्र टिश्यू पेपर आणि पाण्याची छोटी बाटली पर्समध्ये ठेवा. स्वच्छतागृह हवं असेल तर कॉफी बारमध्ये शिरायचं, कॉफी घ्यायची आणि विचारायचं.

बघायचं काय? सगळं बघून होतं का?

होत नाही, आणि करूही नका. आम्ही दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवली होती.

पहिली घुमटाची. मोठ्या चर्चचं बांधकाम १२९६ साली सुरू झालं, पण मधल्या एवढ्या रुंद जागेवर घुमट कसा चढवायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो उभा केला, तोही खालून लाकडी सांगाड्याचा टेकू न देता. आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट आहेत आणि चढायची वाट त्या दोहोंमधून जाते. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. चढताना भिंतीतल्या विटांकडे बघा, आडव्या रांगेत मधूनमधून उभी वीट घातलेली दिसते, वेणीच्या पेडासारखी. ओली रचना घसरू नये म्हणून केलेली ती युक्ती आहे. मी आणि धाकटी वर गेलो. ताई त्याच तिकिटावर मागच्या संग्रहालयात गेली, तिथे लिफ्ट आहे. मायकेलअँजेलोने सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या थडग्यासाठी घडवायला घेतलेली आणि मग अर्धवट सोडलेली पिएता, म्हणजे मृत येशूला सावरून धरलेलं शिल्प, तिथे आहे. आम्ही खाली आलो तेव्हा ताई तिच्यासमोरच बसलेली होती. “वर जाऊन काय बघितलंस ते नंतर सांग, आधी इथे बस,” म्हणाली. घुमटाचं तिकीट ३० युरो, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. चर्चच्या आत जायला पैसे नाहीत.

उफ्फिझीचा दिवस शुक्रवार. या शब्दाचा अर्थ ‘कचेऱ्या’. १५६० साली वास्तुकार वासारीने ही इमारत इथला तेव्हाचा सत्ताधीश कोझिमो मेदिचीच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली. आज आत चित्रकार बोत्तिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ आहेत, आणि ती चित्रं याच गावात राहिली ती एका बाईमुळे. मेदिची घराण्यातली शेवटची वारस आना मारिया लुइझा. तिला मूल नव्हतं, राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार होतं. तिने १७३७ साली करार केला की घराण्याचा सगळा संग्रह नव्या राजघराण्याला मिळेल, पण यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर नेता येणार नाही. माझ्या मते या शहरात सगळ्यात मोठा पुतळा हिचा असायला हवा होता.

आर्तेमिझिया जेंतिलेस्कीचं ‘ज्युडिथ’ चुकवू नका. दोन बायका एका सेनापतीला पलंगावर दाबून धरतात आणि त्याचं मुंडकं कापतात. चित्रकर्तीही बाई, १६१६ साली फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री. ताई नवरात्राचे नऊ दिवस अंबाबाईला जाऊन आलेली. ती चित्रापुढे थांबली आणि तिने हात जोडले.

मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आकादेमियात आहे. १५०१ ते १५०४ या काळात एकाच दगडातून काढलेला, पाच मीटरहून उंच. सिन्योरिया चौकातला डेव्हिड ही नक्कल आहे, खरा १८७३ साली आत हलवला. उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा बघायला थोडं बाजूला जाऊन उभं राहा.

यांशिवाय संध्याकाळी एकदा सान मिन्यातो टेकडीवर जाच. मायकेलअँजेलो चौकात सूर्यास्ताला जत्रा असते. तिथून पाच-सात मिनिटं वर चढलं की हे जुनं चर्च आणि त्याची शांत गच्ची. आत संन्याशांची सायंप्रार्थना चालते. शब्द कळत नाहीत, पण काकडआरती ऐकत मोठं झालेल्या माणसाला बसून राहावंसं वाटतं.

चर्चमध्ये कपड्यांचे नियम?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सलवार-कुर्ता उत्तम. ताईने साडीत घुमटासमोर फोटो काढले आणि अडचण कुठेच आली नाही, फक्त दगडी फरसबंदीवर चपला नकोत. बूट घाला.

शाकाहारी माणूस उपाशी राहील का?

मुळीच नाही, उलट तोस्कानाचं, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचं, गरिबाघरचं जेवण मुळात भाज्या, कडधान्यं आणि शिळा पाव यांचंच. ताई माळकरी आहे आणि सहा दिवसांत तिने घरून आणलेली खाण्याची पाकिटं उघडली नाहीत.

तिथला पाव बिनमिठाचा असतो. पहिला घास घेतल्यावर सगळेच गोंधळतात. पण तो पाव खारट चीज आणि ऑलिव्ह तेलासोबत खायचा असतो, आणि शिळा झाला की त्याचं खरं काम सुरू होतं. रिबोल्लिता म्हणजे ‘पुन्हा उकळलेलं’. काळी कोबीची पानं, पांढऱ्या घेवड्याच्या बिया, गाजर, सेलरी यांच्या रश्श्यात शिळा पाव घालतात आणि दुसऱ्या दिवशी परत गरम करून खातात. चमचा उभा राहील इतकं दाट. ताईने एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर भाकरीचा काला.” आई रात्रीच्या आमटीत शिळी भाकरी कुस्करून सकाळी गरम करून द्यायची, अगदी तसं, फक्त कांदा-लसूण मसाल्याच्या जागी कच्चं ऑलिव्ह तेल. त्यानंतर रोज एकदा ते झालंच. टोमॅटोतला पाप्पा अल पोमोदोरो आणि उन्हाळ्यात मिळणारी गार पान्झानेल्ला हेही शिळ्या पावाचेच प्रकार. हरभऱ्याच्या पिठाची चेचीना कुठे दिसली तर घ्या, भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच ते.

सावध कुठे राहायचं ते सांगते. आम्ही दुसऱ्या रात्री एका खानावळीत न विचारता भाज्यांचं सूप मागवलं आणि ताईच्या पानात आल्यावर कळलं की ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय. ताईने नुसता पाव खाल्ला. चूक आमचीही होती, विचारायला हवं होतं. त्यानंतर मी दर वेळी विचारायचे: “ब्रोदो दी कार्ने?” म्हणजे मांसाचं पाणी आहे का. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. अंडं नको असेल तर ‘सेन्झा उओवा’. सुका पास्ता बहुधा बिनअंड्याचा असतो, ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. पार्मेझान चीज जमवायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात आणि पान्ना कोत्तात जिलेटीन असतं. पाळायचं असेल तर हे माहीत असावं.

जैन जेवण मिळेल का?

कांदा-लसूण टाळणं अवघड आहे, कारण कांदा, गाजर, सेलरी परतूनच तिथल्या बहुतेक पदार्थांची सुरुवात होते. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि बाजारातून ताजी भाजी आणा.

आणि मांसाहारींनी?

इथे नीट वाचा, कारण परत आल्यावर दोघीतिघींनी हळहळून सांगितलं की त्यांना आधी कळलं नाही. बिस्तेक्का हे गाईबैलाचं मांस. लाम्प्रेदोत्तो नावाचा गाडीवरचा प्रसिद्ध पाव म्हणजे गाईच्या चौथ्या पोटाचा तुकडा, वजडीसारखा. कोल्हापूरचं माणूस वजडी बघून खूश होतं, पण ती बकऱ्याची नाही. ‘मान्झो’ आणि ‘व्हितेल्लो’ म्हणजे गाय-वासरू, ‘मायाले’ डुक्कर, ‘पोल्लो’ कोंबडी, ‘पेश्शे’ मासे. हे शब्द फोनमध्ये लिहून ठेवा. बिस्तेक्का खाणाऱ्यांनी हे जाणून घ्या की ती वजनावर मिळते, किलोच्या आसपासचा तुकडा असतो आणि आतून लालच आणतात.

कॉफी, पाणी आणि बिलातला तो जास्तीचा आकडा?

बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ असतो. टेबल आणि पावाचा तो आकार, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरशी उभ्याने घ्या, बसलात की दर वाढतो. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, सिन्योरिया चौकात कारंज्याजवळ तर नगरपालिकेच्या नळाला साधं आणि सोड्याचं अशी दोन्ही पाणी येतात. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती सात-साडेसातला उघडतात, तेव्हा चार वाजता भूक लागली तर स्क्याच्चाता, म्हणजे तेल लावलेला चपटा पाव. ऑक्टोबरात बेकरीत काळ्या द्राक्षांची स्क्याच्चाता येते, बियांसकट. वरचं पीठ द्राक्षाच्या रसाने जांभळं होऊन तळाला चिकट पाकासारखं जमलेलं असतं. कागदात गुंडाळून नदीच्या कठड्यावर बसून तिघींनी एक तुकडा वाटून खाल्ला, बोटं दिवसभर जांभळी होती.

जिलेटो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, घेताना पिस्त्याचा रंग बघा. मातकट हिरवा असेल तर आत जा, पोपटी असेल तर पुढे चला.

चामड्याची पर्स खरी कशी ओळखायची?

धाकटीने पहिल्याच दिवशी सान लोरेन्झो बाजारातल्या एका गाड्यावरून पर्स घेतली आणि चौथ्या दिवशी पट्ट्याची शिवण उसवली. त्यावर ‘खरं चामडं’ असा शिक्का होता आणि चामडं खरंच होतं. पण त्या शिक्क्याने पर्स कुठे आणि कशी शिवली ते कळत नाही. दुसरी घेण्याआधी आम्ही सान्ता क्रोचे चर्चच्या मागे स्कुओला देल कुओयोत गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हातात हुन्नर यावा म्हणून फ्रान्सिस्कन संन्याशांनी आणि चामड्याच्या धंद्यातल्या दोन घराण्यांनी मठात सुरू केलेली ही शाळा. कारागीर समोर बसून काम करतात. तिथे बघितलं ते सांगते. कापलेली कड उघडी असेल तर तिच्यात तंतू दिसतात, थर दिसत नाहीत. अंगठ्याने दाबलं की बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडलं की जातात. आतल्या शिवणीचे टाके बाहेरच्याइतकेच सारखे असले पाहिजेत.

तोस्कानाचं नावाजलेलं चामडं झाडांच्या साली-लाकडातल्या रसाने कमावलेलं असतं, चेस्टनट वगैरेंच्या. पिसा आणि फ्लॉरेन्सच्या मधल्या सान्ता क्रोचे सुल्लार्नो भागात त्याचे कारखाने आहेत. ताईने एक तुकडा नाकाशी नेला आणि म्हणाली, आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनचा, चपलांच्या बाजाराचा, वास. बरोबर होतं तिचं. आपली कोल्हापुरीही बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याची. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नाही, तेव्हा ताईला फार लागलं होतं. तिथल्या कारागिराला तिने आपल्या पायातली कोल्हापुरी काढून दाखवली. त्याने ती उलटी केली, तळाची शिवण बोटाने चाचपली, वाकवून बघितली आणि मान डोलावली. भाषा कुणालाच येत नव्हती, पण कामातल्या माणसाला काम कळतं.

रस्त्यावर चादर पसरून विकलेल्या नकली ब्रँडच्या पर्स घेऊ नका. इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो.

पोन्ते वेक्क्योवर सोनं घ्यावं का?

बघायला नक्की जा. १३४५चा पूल, वर दोन्ही बाजूंना दुकानं. आधी तिथे खाटीक होते, वासाला कंटाळून फेर्दिनान्दो पहिल्याने १५९३ साली त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एवढा ठेवला.

पण तिथलं सोनं १८ कॅरेटचं, ७५०चा शिक्का. आपल्याकडे कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, ९१६ म्हणजे २२ कॅरेट बघायची सवय. मोडीत काढायच्या हिशोबाने घेणाऱ्याला ते परवडत नाही. नक्षीसाठी घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. फ्लॉरेन्सची पद्धत म्हणजे अणकुचीदार हत्याराने सोन्यावर इतक्या बारीक रेघा मारायच्या की पृष्ठभाग रेशमासारखा दिसतो. तसं काम असलेल्या चांदीच्या कुड्या आम्ही तिघींनी एकसारख्या घेतल्या. वर्षभर परदेशात राहून परतणाऱ्यांना दागिन्यांवर जी कस्टम सवलत असते ती आठवड्याच्या सहलीला लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणखी काय आणण्यासारखं आहे?

अबरी कागद. घट्ट केलेल्या पाण्यावर रंगांचे थेंब सोडतात, फणीने ओढून पिसाऱ्यासारखी नक्षी करतात आणि कागद अलगद वर टेकवून उचलतात. पिट्टी राजवाड्याजवळ १८५६पासून हे काम करणारं जुलियो जान्निनींचं दुकान आहे. वजन नाही, मोडत नाही, द्यायला सुंदर. सान्ता मारिया नोव्हेल्लाची औषधशाळा १६१२ साली लोकांसाठी उघडली. काही घ्यायचं नसलं तरी आत जाऊन या. मी गुलाबपाणी आणलं. कपडे घ्यायचे असतील तर सेल जानेवारीच्या सुरुवातीला आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी लागतात.

टॅक्स परत मिळतो म्हणतात, ते खरं का?

खरं, पण युरोपाबाहेर राहणाऱ्यांनाच. मला आणि ताईला मिळाला, धाकटी जर्मनीत राहते म्हणून तिला नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. एका दुकानात एका वेळी ७० युरोंहून जास्त खरेदी हवी. पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा आणि युरोप सोडताना शेवटच्या विमानतळावर कस्टमकडून पक्का करून घ्यायचा. वस्तू दाखवायला लागू शकते, म्हणून सामान चेक-इन करण्याआधी तिथे जा. कर २२ टक्के असला तरी तो किमतीत मिसळलेला असतो, म्हणजे बिलाचे जेमतेम १८ टक्के, आणि त्यातूनही मधली कंपनी आपला वाटा कापते.

बायका-बायकांना सुरक्षित आहे का?

आम्हाला रात्री दहाला चालत घरी येताना भीती वाटली नाही. पाकीटमार मात्र आहेत, स्टेशनात, ट्राममध्ये, सान लोरेन्झोच्या गर्दीत. पर्स पुढे घ्या.

तिघी एकत्र म्हणजे खर्च आणि रुसवेफुगवे कसे सांभाळले?

पहिल्या रात्री प्रत्येकीने सारखे पैसे एका डबीत टाकले. जेवण, ट्राम, तिकिटं त्यातून. खरेदी ज्याची त्याची. हिशोब ताईकडे, कारण लहानपणीही तिच्याकडेच असायचा. आणि रोज दुपारी दोन तास प्रत्येकीचे मोकळे. ताई झोपायची, धाकटी दुकानं फिरायची, मी सान्ताम्ब्रोज्योच्या बाजारात भाजीवाल्यांचं बोलणं ऐकत बसायचे. संध्याकाळी भेटलो की सांगायला काहीतरी असायचं. एकदाच वाजलं, आईच्या जुन्या गोष्टीवरून, आणि तेही तिथेच बोलून मिटलं. घरी ते बोलायला इतक्या वर्षांत जागा मिळाली नव्हती.

कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक तिथे आहे, हे खरं का?

खरं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. हिंदू रीतीने दहन करायला दोन नद्यांचा संगम निवडला, शहराबाहेर मुन्योने नदी फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीला मिळते ती जागा. पुढे १८७४ साली तिथे छत्री उभारून आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा बसवला. शेजारून जाणाऱ्या १९७८च्या मोठ्या पुलालाही त्यांच्यावरून ‘पोन्ते आल्लिन्दियानो’, भारतीयाचा पूल, असं नाव पडलं आहे.

जायचं असेल तर मंगळवार धरा. सकाळी ट्रामने कास्चीने स्टॉपला उतरा, आठवडी बाजार करा (आम्हाला लोकरीचे मोजे आणि टेबलक्लॉथ गावापेक्षा बरेच स्वस्त मिळाले) आणि मग बागेतून नदीच्या कडेने पश्चिमेकडे चालत राहा. बाग लांबच लांब आहे, पाऊण तास लागतो, मध्ये बाकं आहेत. ताई तीनदा बसली, पण टॅक्सी करूया म्हटलं तर नको म्हणाली.

आम्ही पोहोचलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवत होते, दुसरं कुणी नव्हतं. छत्रीतला पुतळा फेटा बांधलेला, गळ्यात अलंकार, आणि चेहरा अगदी कोवळा, आमच्या भाच्याच्या वयाचा. ताईने पिशवीतून पोथी काढली. दसरा चौकात लुटलेलं आपट्याचं एक पान तिने पोथीत दाबून आणलं होतं, आम्हाला दोघींना माहीतही नव्हतं. कठड्याबाहेरूनच तिने ते चौथऱ्याच्या पायाशी ठेवलं, वाऱ्याने जाऊ नये म्हणून वर एक खडा ठेवला आणि म्हणाली, “सोनं घ्या, महाराज.” मग आम्ही संगमाकडे तोंड करून थोडा वेळ बसलो.

निघताना दुपार टळायच्या आत निघा. बागेचं ते टोक संध्याकाळी निर्मनुष्य होतं आणि ट्रामपर्यंत चालायला पुन्हा पाऊण तास लागतो.